लग्नाची फुलं: ठाण्यात ठरवताना, घेताना आणि सांभाळताना

लग्नाच्या फुलांचं बोलणं बहुतेक घरांत स्टेजपासून सुरू होतं. डेकोरेटर मोबाइलवर फोटो दाखवतो, त्यातला एक सगळ्यांना आवडतो, पैशांचा मोठा भाग तिथेच ठरून जातो. मग वरमाला, मुंडावळ्या, गजरे, गुरुजींची सुटी फुलं हे सगळं आदल्या दिवशी, मिळेल त्या भावात, मिळेल तसं आणलं जातं. माझं सांगणं नेमकं उलट्या क्रमाचं आहे. आधी अंगावरची फुलं ठरवा, मग विधीची, मग पाहुण्यांच्या हातात जाणारी, आणि सगळ्यात शेवटी भिंतीवरची. नवरा-नवरीच्या गळ्यातला हार अगदी जवळून दिसतो, त्याचा वास येतो, तो प्रत्येक फोटोत असतो. स्टेजच्या मागच्या पडद्यावरचं फूल पाहुणे वीस फुटांवरून बघतात. थोडंच बजेट असेल तर ते जवळच्या फुलांवर खर्च करा. पडदा कापडाचाही चालतो.

घरात पहिलंच लग्न असलेल्यांसाठी ही माहिती पायरीपायरीने देते आहे. ठिकाण ठाणं धरलं आहे, पण कळवा, डोंबिवली किंवा ऐरोलीकडच्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

तारीख कळली की बाजाराचा हंगाम बघा

मुहूर्त काढताना पंचांग बघतो, तसंच फुलं ठरवताना हंगाम बघावा लागतो. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, आणि त्याच सुमारास शेवंतीचा उत्तम काळ असतो. पांढरी, पिवळी, जांभळट, सगळी शेवंती थंडीत टपोरी आणि घट्ट मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या लग्नात हारांपासून स्टेजपर्यंत शेवंती भरपूर वापरा, ती निराश करत नाही. मोगऱ्याचं मात्र याच काळात कठीण असतं. त्याचा खरा बहर उन्हाळ्यात, मार्चपासून पाऊस सुरू होईपर्यंत. डिसेंबरमध्ये मोगरा मिळतो, पण थोडा, बारीक आणि महाग. थंडीत गजऱ्यासाठी कागडा घ्या. कागड्याला वास जवळजवळ नसतो, पण रंग स्वच्छ पांढरा आणि टिकायला मोगऱ्यापेक्षा सरस. वास हवाच असेल तर त्याच गजऱ्यात मधेमधे मरवा किंवा दवणा ओवून घ्या. हे सांगितलं की हार करणाऱ्या मावशींच्या चेहऱ्यावर लगेच ओळखीचं हसू येतं, कारण हल्ली फारसं कुणी मागत नाही.

मार्गशीर्षातलं लग्न असेल तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. गुरुवारच्या लक्ष्मीव्रतामुळे बुधवारी सकाळपासूनच वेण्या, हार आणि शेवंतीचे भाव चढतात. तुमचं लग्न गुरुवारी किंवा शुक्रवारी असेल तर ऑर्डर आठवडाभर आधी पक्की करून भाव कागदावर लिहून घ्या. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लांब दांड्याचा डच गुलाब महागतो. व्हॅलेंटाइन डेसाठी मावळातला चांगला माल निर्यात होतो आणि इथल्या बाजारातही त्याच दिवसांत मागणी वाढते. त्या आठवड्यात लाल गुलाबाचा हट्ट सोडून कार्नेशन किंवा शेवंती घेतलीत तर पैसे वाचतील आणि सजावटीत काही कमी पडणार नाही. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया हे दोन्ही दिवस झेंडूच्या भावाचे. अक्षय्य तृतीयेला लग्नंही खूप असतात, त्यामुळे त्या दिवशी फुलांबरोबर हार करणारी माणसंही मिळत नाहीत. बयाणा लवकर द्या.

मे महिन्यातल्या ठाण्याच्या उकाड्यात हायड्रेंजियासारखी पाणी पिणारी फुलं उघड्या लॉनवर उभी करू नका. एसी हॉलमध्ये ती टिकतील, घोडबंदर रोडच्या लॉनवर तासाभरात मान टाकतील. उन्हाळ्यात मोगरा, गुलछडी, झेंडू, ऑर्किड आणि पानांची हिरवळ हा भरवशाचा मेळ आहे. जूनचा पहिला पाऊस पडून गेला असेल तर झेंडू निवडून घ्यावा लागतो. तो कसा ते पुढे येईल.

एक वही घ्या आणि कार्यक्रमांनुसार फुलं लिहा

मेंदी, हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन असे जेवढे कार्यक्रम असतील तेवढी पानं करा. प्रत्येक पानावर तीन गोष्टी: कुणाला, काय आणि किती वाजता. किती वाजता हा रकाना लोक लिहीत नाहीत आणि सगळा गोंधळ तिथेच होतो.

हळदीच्या पानावर झेंडू असतोच. कोलशेत, बाळकूम, खारीगावकडच्या आगरी-कोळी घरांत हळद लग्नाइतकीच मोठी असते, मांडवात माणूस मावत नाही. तिथे फुलांचा हिशोब लग्नाच्या दिवसाइतकाच नीट करायला हवा, आणि बायकांच्या वेण्या भरघोस लागतात. अबोली, कागडा, मधे हिरवं असं ओवलेली जाड वेणी मोजून सांगा, गजरे धरून चालू नका. हळदीला फुलांचे दागिने करायची पद्धत आता सगळीकडे आली आहे. कानातलं, बिंदी, बाजूबंद, हातातली कडी असा सेट असतो. तो गुलछडीच्या कळ्या, मोगरा किंवा जिप्सो (बारीक पांढऱ्या फुलांचे झुपके) यांचा असावा, वजनाला हलका. हळद लागली की ओलसर फुलं जड होतात आणि कान ओढले जातात. तार कुठे टोचते का हे नवरीने दागिने घालून बघावं, आणि शक्य तर आदल्या दिवशी एक कानातलं नमुना म्हणून मागवावं.

लग्नाच्या पानावर सगळ्यात वर दोन वरमाला. त्यानंतर मुंडावळ्या, फुलांच्या हव्यात की मोत्यांच्या हे ठरवा. फुलांच्या हव्या असतील तर त्या आखूड करून घ्या. लांब सरी लाजाहोमाच्या वेळी वाकताना तोंडावर येतात आणि अग्नीच्या धगीने कोमेजतात. मग गणपतीचा हार, कुलदैवताचा हार, देवकाला लागणारी फुलं, गौरीहराजवळची सजावट, व्याहीभेटीला हार किंवा पुष्पगुच्छ, नवरीच्या अंबाड्याची वेणी, करवलीचा गजरा, मामाच्या हातात द्यायचं फूल. गुरुजींकडून सामानाची यादी मिळते. तिच्यात सुटी फुलं, तुळस, दुर्वा, विड्याची पानं, आंब्याचे डहाळे असं सगळं असतं. ही यादी डेकोरेटरला देऊ नका, घरातल्या एका माणसाकडे द्या. डेकोरेटर दुर्वा आणत नाही, आणली तरी निवडून आणत नाही.

बाहेर उभ्या पाहुण्यांसाठी गजरे आणि गुलाब. किती गजरे हा प्रश्न हमखास येतो. पत्रिका दिलेल्या सगळ्या बायकांइतके गजरे केले तर ताटात उरतात, कारण काही जणी घरूनच गजरा माळून येतात आणि काहींचे केस छोटे असतात. माझा अंदाज निम्म्याहून थोडे जास्त असा. छोट्या केसांच्या मुलींना मनगटाला बांधता येईल असा दोऱ्याचा मोठा शेपूट ठेवून गजरे ओवायला सांगितले तर त्याही आवडीने घेतात.

अक्षतांबरोबर पाकळ्या वाटायच्या असतील तर गुलाबापेक्षा शेवंतीच्या पाकळ्या बऱ्या. गुलाबाच्या पाकळ्या गुळगुळीत फरशीवर पायाखाली आल्या की घसरायला होतं, आणि मंगलाष्टका संपल्यावर सगळी ज्येष्ठ मंडळी त्याच फरशीवरून आशीर्वाद द्यायला पुढे येतात.

वरमाला

इथे वेळ घालवा. हार निवडताना लोक फक्त फोटो बघतात. मी चार गोष्टी विचारते: वजन, लांबी, मानेजवळचा भाग आणि रंग सुटतो का.

भरगच्च गुलाबाच्या पाकळ्यांचा हार दिसायला अप्रतिम असतो, पण जड असतो. नवरीच्या गळ्यात आधीच दागिने, खांद्यावर शेला, त्यावर तो हार घालून दोन तास बसायचं. आधी हातात घेऊन बघा. लांबी नवरीच्या उंचीवर ठरवा, फोटोतल्या मुलीच्या उंचीवर नको. कमरेच्या थोडा खाली येणारा हार बसल्यावर मांडीवर नीट विसावतो. गुडघ्यापर्यंत आला तर सप्तपदीच्या वेळी पायात येतो आणि साडीच्या निऱ्यांत अडकतो.

मानेजवळचा भाग फुलांचा नको, तिथे रेशमी रिबन हवी. तारेचं टोक मानेवर घासलं तर अर्ध्या तासात लाल वण उठतो. हार पूर्ण झाल्यावर रिबनच्या दोन्ही जोडांवरून बोट फिरवून बघा, टोचलं तर तिथेच नीट करून घ्या.

रंगाचं सांगते. लग्नाच्या विधीला नवरीची साडी बहुधा पिवळी किंवा फिकट असते. गडद लाल गुलाब ओला असेल तर त्याचा गुलाबी डाग रेशमावर पडतो. हारवाला शेवटच्या क्षणी ताजेपणासाठी पाण्याचा फवारा मारतो, तो मारू नका असं स्पष्ट सांगा. हार आला की दहा-पंधरा मिनिटं स्वच्छ कापडावर ठेवून निथळू द्या आणि मगच गळ्यात घाला.

माझी निवड विचाराल तर गुलछडीच्या कळ्यांचा हार, मधे मोजके गुलाब, खाली लहानसं पदक. हा जुना ठाणेकर घरांतला हार आहे. हलका असतो, सुगंधी असतो, आणि पांढऱ्या रंगामुळे कुठल्याही शालूवर उठून दिसतो. ऑर्किडचा हार टिकतो खूप, पण त्याला वास नाही. रिसेप्शनला तो घ्या, विधीला नको. लग्न आणि रिसेप्शनचे हार वेगळे ठेवा. सकाळचा हार संध्याकाळी पुन्हा घालायचा विचार करू नका, तोवर तो दाबून दाबून थकलेला असतो.

मोगऱ्याची वेळ

मोगरा पहाटे कळी असताना तोडतात आणि ती कळी त्याच दिवशी संध्याकाळी उमलते. हे एवढं कळलं की गजऱ्याचं नियोजन सोपं होतं. सकाळी अकराचा मुहूर्त असेल तर त्याच पहाटेचा माल घ्या. लग्नात गजरा कळ्यांचा, घट्ट आणि पांढराशुभ्र दिसेल आणि संध्याकाळी रिसेप्शनपर्यंत वास सुटेल. आदल्या दिवशीचा गजरा सकाळी आणलात तर तो रात्री उमलून गेलेला असतो, कडेने तपकिरी पडायला लागतो. संध्याकाळच्या रिसेप्शनला त्याच दिवशी दुपारी ओवलेला गजरा मागवा. आठ वाजता पाहुणे यायला लागतात तेव्हा तो उमलायच्या बेतात असतो.

गजरे विकत घेताना ‘मावशी, मोगरा आजचाच ना?’ असं विचाराच, पण उत्तर कळीवर शोधा. ताजी कळी बोटाच्या चिमटीत कडक लागते आणि देठाकडे हिरवट असते. पिवळसर झाक किंवा टोकाला तपकिरी ठिपका दिसला तर दुसरा गजरा मागा.

घरी आणल्यावर पाण्यात बुडवू नका. पातळ सुती कापड ओलं करून घट्ट पिळा, त्यात गजरे सैल गुंडाळा आणि स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये कळ्या काळ्या पडतात. केळीचं पान मिळालं तर कापडाखाली ते अंथरा.

बाजार कुठला गाठायचा

थोडी फुलं हवी असतील, म्हणजे घरची पूजा, दहा-बारा गजरे, दाराचं तोरण, तर जांभळी नाका पुरेसा आहे. कौपीनेश्वराच्या आजूबाजूला फुलवाल्यांची रांग आहे, आणि तिथल्या बायकांचे हात गजरा ओवताना थांबत नाहीत. सकाळी लवकर गेलात तर माल ताजा आणि भाव बोलण्याजोगा असतो. लग्नाच्या एक-दोन आठवडे आधी नुसतं जाऊन बघा, कुणाच्या टोपलीतला माल रोज चांगला असतो ते बघून मगच ऑर्डर द्या.

किलोने झेंडू, शेवंती, सुटी गुलछडी, किंवा गुलाबाचे बंच हवे असतील तर दादर. दादर पश्चिमेचा मीनाताई ठाकरे फूल बाजार पहाटेच्या अंधारातच भरतो. उजाडल्यावर गर्दी वाढते, आणि उशिरा गेलं तर निवडून उरलेला माल हाती येतो. ठाण्याहून मध्य रेल्वेने दादरला उतरून पुलावरून पश्चिमेला जायचं. कल्याणच्या बाजार समितीतही फुलांचा घाऊक बाजार आहे आणि ठाण्याहून तोही जवळ आहे. फरक परतीच्या प्रवासात आहे. सकाळी आठ वाजता दादरहून ठाण्याकडे येणारी लोकल गर्दीच्या उलट दिशेची असते, फुलांच्या पिशव्या घेऊन माणसासारखं उभं राहता येतं. कल्याणहून ठाण्याकडे त्याच वेळी यायचं म्हणजे ऑफिसची सगळी गर्दी अंगावर, आणि त्यात गुलाब चिरडलेच म्हणून समजा. कल्याणला जायचं असेल तर पहाटेची गाडी धरून सातच्या आत परता, किंवा टेम्पो करा.

बाजारात जाताना रोख पैसे, जुनी वर्तमानपत्रं, मोठ्या कापडी पिशव्या आणि एक कात्री. फुलं कशाने मोजतात ते आधी समजून घ्या. झेंडू, शेवंती आणि सुटी गुलछडी किलोवर. डच गुलाबाचा बंच सहसा वीसचा, जरबेरा आणि ऑर्किड दहाचा. बंचचा भाव ऐकताना ‘कितीचा बंच?’ हे विचारा, आणि एकदा मोजा.

तोरणाला किती झेंडू लागतो याचं ठरलेलं उत्तर नाही, फुलाच्या आकारावर ते अवलंबून असतं. घरी एक फूट माळ ओवून बघा, ती काट्यावर टाका, आणि तुमच्या एकूण फुटांनी गुणा. त्यावर थोडा जास्त धरा, कारण निवडताना काही फुलं बाजूला पडतातच.

ताजा माल कसा ओळखायचा

झेंडू उलटा करून देठाकडचा हिरवा भाग दाबा. कडक असेल तर चांगला. मऊ आणि ओलसर लागला, किंवा आतून काळपट दिसला, तर तो पावसात भिजलेला किंवा पाणी मारून जड केलेला आहे. असा झेंडू वरून टवटवीत दिसतो आणि माळेत रात्रभरात कुजतो. दोन किलो घ्यायच्या आधी ढिगातली चार फुलं वेगवेगळ्या जागांवरून काढून बघा, वरचीच बघू नका.

गुलाबाची कळी खालच्या फुगीर भागात हलकेच दाबा. ताजी असेल तर कडक लागते, शिळी असेल तर बोट आत जातं. बाहेरच्या एक-दोन हिरवट, जाडसर पाकळ्या खराब नव्हेत, त्या कळीचं रक्षण करतात आणि शेवटी काढायच्या असतात. सगळ्या बाहेरच्या पाकळ्या आधीच काढून गुलाब चकचकीत केलेले दिसले तर मात्र माल जुना समजा.

शेवंती उलटी धरून हलवा, पाकळ्या गळल्या तर ठेवून द्या. ऑर्किडची दांडी हलवल्यावर टोकाच्या कळ्या गळायला नकोत. जरबेऱ्याच्या दांडीचं खालचं टोक चिकट किंवा वास मारणारं नको, आणि मान वाकलेली असेल तर ती स्टेजवर सरळ होईल अशी आशा धरू नका.

लिलीबद्दल एक सूचना. लिली उमलली की मधल्या काड्यांवरची केशरी पूड कपड्यांवर पडते आणि पैठणीवर पडली तर जन्माचा डाग. उमललेल्या प्रत्येक लिलीतल्या त्या काड्यांची टोकं आधीच चिमटीने काढून टाका. तरीही पूड पडलीच तर पाण्याने चोळू नका, सेलोटेपने अलगद टिपून घ्या.

हॉल आणि डेकोरेटर

फुलांची ऑर्डर देण्याआधी हॉलच्या मॅनेजरला विचारायचे प्रश्न असे. बाहेरचा डेकोरेटर चालतो का, आणि त्याचे वेगळे पैसे लागतात का? आदल्या रात्री तिथे कुणाचा कार्यक्रम आहे का, हॉल नेमका किती वाजता ताब्यात मिळतो? मालाची लिफ्ट आहे का? खिळे, टेप, तार यावर बंदी आहे का? फुलांचा कचरा कोण उचलणार, नाहीतर डिपॉझिटमधून पैसे कापणार का? ठाण्यातल्या बऱ्याच हॉलमध्ये सकाळी लग्न आणि संध्याकाळी दुसऱ्याच कुणाचं रिसेप्शन असतं. सजावट करायला आणि काढायला मिळणारा वेळ कमी असतो, म्हणून स्टेजची रचना त्या वेळात बसेल अशीच ठेवा.

डेकोरेटरशी बोलताना फोटोवर सौदा करू नका. फोटोतली फुलं कुठल्या हंगामातली आहेत, त्यातली किती खरी आहेत हे फोटो सांगत नाही. कागदावर लिहून घ्या: कोणतं फूल, कोणता रंग, किती किलो किंवा किती बंच, खरं की कृत्रिम, किती वाजता तयार, किती वाजता काढणार, आणि ठरलेलं फूल मिळालं नाही तर त्याऐवजी काय. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. नाहीतर पांढऱ्या शेवंतीच्या जागी ऐनवेळी कृत्रिम फुलं येतात आणि सकाळी नऊ वाजता भांडायला कुणाकडे वेळ नसतो. उरलेली रक्कम सजावट बघून द्यायची असं ठरवा, आणि ती ठरल्याप्रमाणे लगेच द्या. ही माणसं रात्रभर जागून काम करतात.

कृत्रिम फुलांविषयी माझं मत स्पष्ट आहे. हात पोचेल तिथे खरं फूल असावं. अगदी उंचावर, छताजवळ, कापड आणि दिवे पुरेसे आहेत, तिथे प्लास्टिकची वेल लावून काही साधत नाही. प्रत्येक खऱ्या फुलामागे शेतकरी, तोडणारी बाई, हमाल आणि ओवणारी मावशी असते. लग्नातला पैसा त्यांच्या घरी गेलेला मला आवडतो. थर्माकोलची अक्षरं आणि कमानी सुचवल्या गेल्या तर नाही म्हणा, महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे. फुलं खोचायचा हिरवा स्पंजही प्लास्टिकच असतो, तो कुजत नाही. त्याऐवजी पाण्याचे उथळ भांडे, जाळी किंवा पेंढ्याची गादी वापरता येते का ते विचारा.

हॉलचे दिवे पिवळे असतील तर जांभळी फुलं मातकट दिसतात आणि केशरी झेंडू जास्तच गडद. पांढरा, फिकट गुलाबी, पोपटी हे रंग त्या प्रकाशात छान उठतात. एकदा संध्याकाळी हॉलवर जाऊन दिवे लावून बघा, हातात दोन-तीन रंगांची फुलं घेऊन. एवढं केलं तरी रंगांचे निम्मे वाद मिटतात.

होमाच्या जागेजवळ कापडी झालर, जिप्सोचे गुच्छ आणि सुक्या वेली ठेवू नका. बोहल्याच्या खांबांना वर फुलं, खाली मोकळं.

गाडी सजवायची असेल तर रिबन आणि दोन हार पुरेत. रंगावर टेप चिकटवू नका, समोरची काच आणि नंबरप्लेट झाकू नका.

आदली रात्र

बाजारातून आणलेली दांडीची फुलं आली की लगेच पाण्यात. दांडीचं टोक तिरकं, दोन-तीन सेंटिमीटर कापा, पाण्याखाली येणारी पानं काढा आणि गुलाब तीन-चार तास बादलीत खोल पाण्यात उभे ठेवा. जरबेऱ्याला पाणी कमी, चार-पाच बोटं, नाहीतर दांडी कुजते. ऑर्किड आणि अँथुरियम फ्रिजमध्ये ठेवू नका, ही उष्ण हवेतली झाडं आहेत आणि गारठ्याने त्यांच्यावर डाग पडतात. त्यांना घरातल्या गार खोलीत, पंख्याच्या थेट वाऱ्यापासून दूर ठेवा.

मे महिन्यात घरोघरी आंब्याच्या पेट्या असतात. फुलांच्या बादल्या त्या खोलीत मुळीच नकोत. पिकणाऱ्या आंब्यातून आणि केळ्यांतून इथिलीन वायू बाहेर पडतो, त्याने कार्नेशन मिटतं आणि ऑर्किडच्या कळ्या गळतात. रात्री सगळं छान होतं आणि सकाळी मान टाकली असं होतं तेव्हा बरेचदा दोष फुलवाल्याचा नसतो, तो शेजारच्या पेटीचा असतो.

तोरण आदल्या रात्री ओवलं तरी चालतं, पण ते पिशवीत कोंडू नका. टोपलीत सैल गुंडाळून वर ओलसर कापड टाका. आंब्याची पानं पुसून घ्या, धूळ असते.

लग्नाच्या सकाळी

फुलांची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या, आणि ते माणूस नवरीची आई नको. मावशी, आत्या, चुलतबहीण, कुणीही नीटनेटकं. तिच्या पिशवीत वही, कात्री, दोरा, सुई, यू-पिना, सेलोटेप, एक रिकामा डबा आणि एक जास्तीचा लहान हार. हा लहान हार नेहमी कामाला येतो: हॉलच्या दारातल्या गणपतीला, आजीच्या फोटोला, नाहीतर ऐनवेळी आलेल्या पाहुण्यांच्या सत्काराला.

हार मुहूर्ताच्या तासभर आधी हॉलवर पोचायला हवा. घोडबंदर रोडच्या हॉलला जांभळी नाक्यावरून हार यायचा असेल तर गाडी कोंडीत अडकणार हे धरूनच निघायची वेळ सांगा. हार खोक्यात एकावर एक ठेवू नयेत, वर काही जड ठेवू नये, आणि उन्हात उभ्या गाडीच्या मागच्या काचेखाली तर मुळीच नाही. नवरी तयार व्हायच्या खोलीतच हार ठेवा, एसीच्या थेट झोताखाली नाही. मंगलाष्टकांच्या शेवटी, अंतरपाट दूर होतो त्या क्षणी, हार हातात द्यायला कुणीतरी शेजारी उभं असायला हवं. तेव्हा शोधाशोध नको.

गजऱ्यांचं ताट दारात ठेवा आणि ते एकदम सगळं बाहेर काढू नका. निम्मे गजरे डब्यात गार ठेवून थोडे थोडे ताटात आणले तर उशिरा येणाऱ्या पाहुण्यांनाही ताजा गजरा मिळतो.

कार्यक्रम संपल्यावर

स्टेजवरची दांडीची फुलं काढायच्या आधी, जवळच्या मंडळींना दोन-दोन फुलं घेऊन जायला सांगा. डेकोरेटरला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्याची माणसं घाईत सगळं एका पोत्यात कोंबतात. खाली पडलेल्या पाकळ्या, हार, तोरणं यांतून तार, टाचण्या, रिबन, जर आणि प्लास्टिकची गुंडाळी वेगळी काढा. हे काम मुलांना दिलं तर ती मनापासून करतात, फक्त टाचण्या मोठ्यांनी काढाव्यात.

ठाण्यात गणेशोत्सवात निर्माल्य वेगळं गोळा करायची सवय शहराला आता चांगली लागली आहे. लग्नाच्या फुलांना तोच नियम लावा. मासुंदा किंवा उपवन तलावात पिशव्या सोडू नका. सोसायटीत खताचा खड्डा असेल तर झेंडू, शेवंती, गुलाब तिथे जातात, पण थर थोडा थोडा आणि मधे सुकी पानं घालून, नाहीतर ओल्या फुलांचा वास येतो. खड्डा नसेल तर हॉलच्या मॅनेजरला ओला कचरा वेगळा उचलायला लावा आणि तसं बुकिंगच्या वेळीच बोलून ठेवा.

वरमाला ठेवायच्या असतील तर अख्खा हार भिंतीला टांगू नका, आत बुरशी येते. पाकळ्या मोकळ्या करून वर्तमानपत्रावर पसरा, उन्हात नाही, पंख्याखाली. गुलछडी काळपट पडते, तिला सोडून द्या. गुलाब मात्र आठवडाभरात कुरकुरीत वाळतो आणि कापडी पुडीत घालून कपाटात ठेवता येतो. फुलवाल्याच्या बादल्या आणि टोपल्या दुसऱ्या दिवशीच परत पोचवा, त्याला पुढच्या मुहूर्ताला त्या लागणार असतात.